दहा हजार, ऑफिसचा जुना डब्बा आणि कुरिअरनं येणारं ‘आठ जीबी’ कार्ड

दारव्हा तालुक्यातल्या एका खेड्यातून प्रश्न आलाय. पोरगा बीएस्सीच्या दुसऱ्या वर्षाला. घरी डेलचा ऑप्टिप्लेक्स ९०२०, मोठ्या टॉवरचा. आत आय५-४५७० आणि आठ जीबी रॅम. मॉनिटर जुना, मागं फक्त व्हीजीएची निळी पिन. सोयाबीनच्या हंगामात थ्रेशरवर जाऊन जमवलेले दहा हजार हातात आहेत. जीटीए ५, व्हॅलोरंट आणि एखादा क्रिकेटचा गेम खेळायचा आहे. दिल्लीचा एक विक्रेता आरएक्स ५८० हे जुनं ग्राफिक्स कार्ड, आठ जीबी, साडेपाच हजारात कुरिअरनं पाठवतो म्हणतो. पैसे आधी. घेऊ का?

भाऊ, नको घेऊ. ते कार्ड खरं असलं, चालू असलं, तरी तुझ्या डब्ब्यात चालणार नाही, आणि हे तुला पैसे गेल्यावर कळेल.

मी यवतमाळ जिल्ह्यातच तालुक्याच्या गावी, बसस्टँडच्या मागं, कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान चालवतो. पोट्टे थैलीत गुंडाळून कार्ड घेऊन येतात, “काका, पाहा ना, डिस्प्लेच येऊन नाही राहिला.” माझ्या टेबलावर येणारं जुनं कार्ड बहुतेक वेळा म्हातारपणानं मेलेलं नसतं. कोणीतरी ते नको त्या डब्ब्यात, नको त्या वायरवर, नाहीतर नको त्या लाईनवर चालवलेलं असतं. म्हणून मॉडेलचं नंतर पाहू. आधी डब्ब्याचं झाकण उघड आणि एसएमपीएसचा, म्हणजे आतल्या सगळ्या भागांना वीज पुरवणाऱ्या खोक्याचा, स्टिकर वाच.

तुझ्या टॉवरमध्ये कंपनीनं दिलेला एसएमपीएस २९० वॅटचा आहे. त्यातून मदरबोर्डला जाणारी मोठी पिन आठ तारांची, डेलची स्वतःची. बाजारातल्या एसएमपीएसची पिन चोवीस तारांची असते, म्हणजे नुसता एसएमपीएस बदलून भागत नाही, वर चोवीसचं आठ करणारी वायर आणावी लागते. ग्राफिक्स कार्डला वेगळा करंट द्यायची सहा किंवा आठ पिनची वायर या एसएमपीएसमध्ये नाहीच. मदरबोर्डवरचा लांब स्लॉट कार्डाला जास्तीत जास्त ७५ वॅट देतो. सहा पिनची वायर आणखी ७५ देते, आठ पिनची १५०. आरएक्स ५८० ला १८५ वॅट लागतात. आता तूच वजाबाकी कर.

विक्रेता म्हणेल, “कन्व्हर्टर टाक ना, शंभर रुपयात मिळतो.” हार्डडिस्कच्या साटा पिनेतून आठ पिन काढणारा तो कन्व्हर्टर. एका पोरानं तो लावून आणला होता. झाकण काढलं तर आधी वास आला, जळक्या प्लास्टिकचा, गोडसर. साटाची काळी पिन एका बाजूनं वितळून तारेला चिकटली होती, पिवळी तार तीन बोटं लांब तपकिरी पडून कडक झाली होती, वाकवली की कटकट वाजायची. साटाच्या पिनेतली बारा व्होल्टची बाजू साधारण ५४ वॅटपर्यंत पेलते. त्यातून दीडशे ओढायला गेलं की पिन तापणारच. कार्ड वाचलं होतं, हार्डडिस्क गेली. तिच्यात त्याच्या बहिणीच्या लग्नाचे फोटो होते.

तेव्हा तुझ्या डब्ब्यासाठी नियम साधा: वरून वेगळी वायर न मागणारं, ७५ वॅटच्या आतलं कार्ड. आय५-४५७० चे ८४ वॅट, कार्डाचे ७५, हार्डडिस्क-पंखे-यूएसबी मिळून तीस धर. दोनशेच्या आत भागतं. २९० चा एसएमपीएस त्यावर वर्षानुवर्षं निवांत चालतो. डेल-एचपीचे हे ऑफिसवाले एसएमपीएस दिसायला बारके, पण इमानदार असतात. कॅबिनेटसोबत फुकट येणाऱ्या, ‘४५० वॅट’ लिहिलेल्या हलक्या डब्ब्यापेक्षा मी हा २९० केव्हाही घेईन. हातात धरून वजन पाहिलं तरी फरक कळतो.

आता मॉडेल. या वॅटात पहिली पसंती जीटीएक्स १६५०. २०१९ चं कार्ड, चार जीबी, ७५ वॅट. पण घेताना वरच्या कडेला बघ, कारण त्याच नावाच्या काही कार्डांना सहा पिनचा सॉकेट असतो. फॅक्टरीतून वेग वाढवलेली मॉडेलं आणि जीडीडीआर६ मेमरीवाली बरीचशी तशीच आहेत. तुला बिनसॉकेटचं हवं. जीटीएक्स १६५० सुपर हे वेगळं कार्ड, शंभर वॅटचं, ते तुझ्या कामाचं नाही. नाव वाचताना एक शब्द सुटला की घोळ होतो.

जीटीएक्स १०५० टीआय स्वस्त मिळतं, मोह होतो. चालतंही. पण ते २०१६ चं, आणि एनव्हिडियानं त्या पिढीच्या कार्डांना गेमसाठीचे नवे ड्रायव्हर, म्हणजे कार्ड चालवणारं सॉफ्टवेअर, देणं ऑक्टोबर २०२५ पासून थांबवलं आहे. ऑक्टोबर २०२८ पर्यंत फक्त सुरक्षेच्या दुरुस्त्या येतील. जुने गेम त्यानं बंद पडत नाहीत. तुला जीटीए आणि व्हॅलोरंटच खेळायचं असेल, तर साडेतीन-चार हजाराला खात्रीचं १०५० टीआय घेणाऱ्याला मी वेड्यात काढणार नाही. पुढच्या दोन-तीन वर्षांत येणारे गेम खेळायचे असतील तर १६५०. जीटीएक्स ७५० टीआय, ६५० असली कार्डं अजून विकायला निघतात. ती सोडून दे.

एक गोष्ट पोट्ट्यांना माहीत नसते: ऑफिसातून, डिझाइनवाल्यांकडून भाड्याच्या मुदतीनंतर परत आलेली क्वाड्रो कार्डं. क्वाड्रो पी२०००, पाच जीबी, ७५ वॅट, वेगळी वायर नाही. गेममध्ये १०५० टीआयच्या पुढं जातं. टी१००० तर फक्त ५० वॅटचं आणि पिढीनं १६५० चा भाऊ, कोअरही, म्हणजे चिपमधले हिशोब करणारे बारके भाग, तेवढेच, ८९६. या कार्डांवर दिवसभर नकाशे नाहीतर घरांचे प्लॅन काढले गेलेले असतात, रात्री मशीन बंद. ‘गेमिंग’ हा शब्द नावात नसल्यामुळं भाव पडलेला असतो. त्रास एकच: पी२००० ला मोठे डिस्प्लेपोर्ट आणि टी१००० ला बारके मिनी डिस्प्लेपोर्ट असतात, एचडीएमआय नसतो. तेवढ्या कन्व्हर्टरचे पैसे वेगळे धर. पी२००० पण २०१६ च्याच पिढीचं, तेव्हा ड्रायव्हरचं वर सांगितलेलं त्यालाही लागू. के६२० नावाचं दोन जीबीचं कार्ड मात्र क्वाड्रो म्हणून कोणी गळ्यात मारलं तर घेऊ नको, त्याचा जीव फारच छोटा.

आरएक्स ६४०० कमी वॅटचं आहे, नवीनही आहे, पण ते स्लॉटच्या सोळापैकी चारच लेनवर, म्हणजे माहिती ये-जा करायच्या वाटांवर, चालतं. ज्या बोर्डासाठी ते बनलं त्यात ठीक. तुझ्या जुन्या बोर्डात त्या चार लेनचा वेगही अर्ध्यावर येतो आणि चार जीबी भरली की गेम अडखळतो. वर त्यात व्हिडिओ एन्कोडर नाही, खेळताना रेकॉर्डिंग करून यूट्यूबवर टाकायचं म्हटलं तर सगळा भार प्रोसेसरवर. आरटीएक्स ३०५० चं सहा जीबीवालं, ७० वॅटचं रूप फेब्रुवारी २०२४ मध्ये आलं. ते जुनं म्हणून तुझ्या बजेटात मिळालं तर डोळे झाकून… नाही, डोळे उघडे ठेवूनच, पण लगेच घे. मला अजून त्या भावात दिसलेलं नाही.

कोणी म्हणेल, काका, जीटीएक्स १६६० सुपर किंवा आरएक्स ६६०० का नाही सांगत? दोन्ही उत्तम कार्डं आहेत. १६६० सुपर १२५ वॅट, ६६०० १३२ वॅट, दोघांना आठ पिन लागते. म्हणजे नवा एसएमपीएस आला, डेलची वायर आली, आणि एवढं करून आय५-४५७० चे चार कोअर त्या कार्डाला पुरत नाहीत. आजच्या गेममध्ये प्रोसेसर शंभर टक्क्यांवर धापा टाकतो आणि कार्ड साठ टक्क्यांवर बसून राहतं. म्हातारा बैल आणि जवान बैल एका जुवाला जुंपल्यावर नांगर म्हाताऱ्याच्याच चालीनं चालतो. ज्याच्याकडं रायझन किंवा दहाव्या पिढीचा इंटेल आहे, चांगला ४५० वॅटचा एसएमपीएस आहे, त्यानं मात्र ६६०० च शोधावं. तो प्रश्न वेगळा.

‘आठ जीबी’वर एक शब्द. आपल्याकडं मोबाइलसारखं जीबीवर कार्ड मोजतात. जीबी म्हणजे खळं. मळणी किती होते ते थ्रेशरवर ठरतं. विक्रेत्यांना हे वेड चांगलं ठाऊक आहे. आरएक्स ५८० च्या नावाखाली ‘५८० २०४८ एसपी’ नावाचं एक कार्ड फिरतं, चीनच्या बाजारासाठी २०१८ मध्ये काढलेलं. खऱ्या ५८० मध्ये २३०४ कोअर असतात, यात २०४८, म्हणजे आतून ते ५७० आहे. कार्डाच्या खोक्यावर ५८० लिहिलेलं, आठ जीबी खरी, त्यामुळं घेणाऱ्याला वर्षभर पत्ता लागत नाही.

ही तरी अर्धी फसवणूक. पुरती फसवणूक माझीच झाली आहे, दुकान टाकून बरीच वर्षं झाल्यावर. ऑनलाइन एका व्यापाऱ्याकडून १०५० टीआय दोन नग मागवले. विंडोजनं नाव बरोबर दाखवलं, मेमरी चार जीबी दाखवली. गेम सुरू केला की पाच मिनिटांत स्क्रीन काळी. मी आधी ड्रायव्हर बदलले, रॅम बदलली, विंडोज नवं टाकलं. दोन दिवस. तिसऱ्या दिवशी संध्याकाळी सहज मागं बोट फिरवलं आणि हाताला पंधरा भोकांची व्हीजीए पिन लागली. या पिढीपासून एनव्हिडियाच्या चिपमधून व्हीजीएचा सिग्नल निघणंच बंद झालं आहे. मग चार स्क्रू काढले, चिपची उष्णता ओढून घेणारी, वाळून खडू झालेली पेस्ट पुसली, आणि चिपवर अक्षरं दिसली: जीएफ११६. ते २०११ चं जीटीएक्स ५५० टीआय होतं, एक जीबीचं, बायोस, म्हणजे कार्डाच्या आतलं मूळ सॉफ्टवेअर, बदलून नाव रंगवलेलं. एक जीबी भरली की कोसळायचं. व्यापाऱ्याचा फोन तोवर बंद झाला होता. दोन्ही कार्डं अजून दुकानात आहेत, नवीन पोराला शिकवायला कामी येतात.

त्यानंतर जीपीयू-झेड नावाचं छोटंसं मोफत सॉफ्टवेअर पेनड्राइव्हवर नेहमी असतं. ते विंडोजचं ऐकत नाही, थेट चिपला विचारतं. २०१८ पासून त्यात अशी बनावट कार्डं ओळखायची सोयही आहे; नावाआधी ‘फेक’ लिहून येतं. कोअरचा आकडा तिथंच दिसतो: १६५० ला ८९६, १०५० टीआयला ७६८, पी२००० ला १०२४. आकडा जुळला नाही तर विक्रेत्याशी वाद घालू नको, राम राम करून उठ.

आता मायनिंग, म्हणजे इथेरियमसारखी डिजिटल नाणी कमवायला कार्ड रात्रंदिवस राबवणं. सगळे विचारतात, “मायनिंगचं तर नाही ना?” मी याला लोकांएवढं भीत नाही. इथेरियमचं कार्डावरचं मायनिंग १५ सप्टेंबर २०२२ ला संपलं. चार जीबीची कार्डं त्याआधीच, २०२० च्या अखेरीस, मेमरी पुरेना म्हणून त्यातून बाहेर पडली होती. म्हणजे तू शोधतोयस त्या चार जीबीच्या १६५० नं मायनिंग केलेलं असायची शक्यता मुळात कमी. आणि मायनिंगवाले कार्ड कमी व्होल्टवर, एकाच तापमानावर महिनोनमहिने चालवायचे. चिपला तो त्रास कमी. झिजतात ते पंखे आणि मेमरीवरचे थर्मल पॅड, आणि ते दोन्ही बदलता येतात.

मी भितो ते हीट मारलेल्या कार्डाला. कार्ड मेलं की काही कारागीर हॉट गननं चिप तापवतात. चिपखालचे तडकलेले बारके टाके तेवढ्यापुरते जुळतात, डिस्प्ले येतो, कार्ड विकलं जातं. आठवडा, महिना, फार तर दोन महिने. मग पुन्हा काळं. असं कार्ड ओळखायची खूण म्हणजे चिपच्या कडेला आणि मेमरीच्या भोवती दिसणारा पिवळट, चिकट, चमकणारा फ्लक्सचा (टाके लावताना वापरतात त्या राळेचा) थर, आणि जवळ नेलं की येणारा राळेसारखा वास. मोबाइलचा टॉर्च आडवा मारून बघ, सरळ मारला तर चमक दिसत नाही. कार्ड डोळ्यासमोर फूटपट्टीसारखं धरून पाठ वाकली आहे का तेही बघ. स्क्रूंची डोकी खरचटलेली असतील तर ते उघडलेलं आहे. एवढ्यावरून नाकारू नको, पेस्ट बदलायला मीही उघडतो, पण कशाला उघडलं होतं ते विचार आणि उत्तर देताना चेहरा बघ.

आता तपासणी. त्यासाठी कार्ड चालू बघायलाच पाहिजे, आणि म्हणूनच कुरिअरचं नको. नागपूरला सीताबर्डीत किंवा अमरावतीला, नाहीतर यवतमाळमध्येच कोणी विकत असेल तिथं एसटीनं जा. भाडं आणि एक दिवस जाईल. माझ्या मते त्या दिवसाची किंमत कार्डाच्या ब्रँडपेक्षा जास्त आहे. विक्रेत्यानं आधीच कार्ड गरम करून ठेवलेलं नको. गेल्यावर हात लाव, थंड असावं. मग त्याच्याच मशीनवर जीपीयू-झेड, त्यानंतर फरमार्कसारखं ताण देणारं सॉफ्टवेअर वीस मिनिटं. पहिल्या पाच मिनिटांत तापमान झपाट्यानं चढतं, मग एका जागी टिकलं पाहिजे. सत्तर ते ऐंशीच्या मध्ये टिकलं तर ठीक. पंच्याऐंशी ओलांडून चढतच राहिलं तर पेस्ट वाळलेली किंवा पंखा मंद. स्क्रीनवर रंगीत चौकडे, तिरप्या रेघा, चमकणारे ठिपके दिसले तर मेमरी गेली; तिथंच थांब, “ड्रायव्हरचा प्रॉब्लेम आहे” हे कोणाचं ऐकू नको. डिव्हाइस मॅनेजरमध्ये पिवळ्या खुणेसोबत कोड ४३ दिसला तरी तेच.

आणि आता ज्याला सगळे कंटाळतात ते. मशीन पूर्ण बंद कर, बटणानं नाही, स्विच बोर्डवरून. बाहेर जाऊन चहा पी. पंधरा-वीस मिनिटांनी कार्ड थंड झाल्यावर पुन्हा चालू कर आणि पुन्हा दहा मिनिटं ताण दे. हीट मारलेलं कार्ड गरमपणी गोड बोलतं. थंड होऊन पुन्हा तापताना टाका सुटतो. माझ्यासमोर दोनदा असं झालं आहे की पहिल्या फेरीत पास झालेलं कार्ड चहानंतर उठलंच नाही. जो विक्रेता दुसऱ्या फेरीला “वेळ नाही” म्हणतो, त्याच्याकडं आपल्यालाही वेळ नसावा.

पंखा बोटानं फिरवून बघ. सुटा फिरला पाहिजे, खरखर नको, पाती वरखाली हलायला नको. पंख्याचा दोष भाव पाडायला चांगला, कारण तो दुरुस्त होतो. बिल असेल तर माग. काही कंपन्या वॉरंटी सिरियल नंबरवर मोजतात, तेव्हा स्टिकर शाबूत असणं कामाचं. कोणी मी फौजी आहे, बदली झाली म्हणून विकतोय, आधी थोडे पैसे टाका असं म्हणाला तर फोन ठेव. ही युक्ती देशभर जुनी झाली आहे. पैसे गेलेच तर लगेच १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर फोन कर, तासाभरात केला तर काही उपयोग होतो.

आता घरचं. कार्ड घेणं एक दिवसाचं काम, ते आपल्याकडं टिकवणं बारा महिन्यांचं, आणि शहरातले लोक हे कधी सांगत नाहीत कारण त्यांना ते माहीतच नसतं.

पहिलं अर्थिंग. तुझ्या कॅबिनेटच्या उघड्या पत्र्याला टेस्टर लाव. दिवा पेटला किंवा हाताला मुंग्या आल्या तर घरात अर्थिंग नाही. एसएमपीएसच्या आत लाईन आणि पत्रा यांच्यात बारके कपॅसिटर असतात. अर्थिंग नसलं की त्यातून निम्म्या दाबाचा करंट पत्र्यावर येऊन बसतो. त्यानं माणूस मरत नाही, पण टीव्हीची किंवा मॉनिटरची वायर चालू मशीनला जोडताना तोच करंट एचडीएमआयच्या पिनेतून वाट काढतो आणि कार्डाचा पोर्ट उडतो. पोर्ट गेलेली कार्डं माझ्याकडं गावातूनच येतात. वायर जोडताना दोन्ही बाजू बंद ठेव, आणि वायरमनला सांगून मीठ-कोळसा घालून अर्थिंगचा खड्डा करून घे. आपली काळी माती उन्हाळ्यात भेगाळते, पाइपापासून सुटते, आणि फेब्रुवारीत चांगलं असलेलं अर्थिंग मे महिन्यात नुसतं नावाला उरतं. तेव्हा त्यात बादलीभर पाणी टाकत जा.

दुसरं लाईन. रब्बीत गहू-हरभऱ्याला पाणी सुरू झालं, सगळ्या मोटरी एकदम चालल्या की बल्ब पिवळा पडतो. डेलचा एसएमपीएस कमी दाब सोसतो, त्याची चिंता नाही. चिंता लाईन परत येतानाची. गेलेली लाईन आली की पहिली पाच मिनिटं प्लग काढलेलाच राहू दे. डीपीवर न्यूट्रल तुटला तर २३० च्या जागी चारशेच्या जवळ दाब येऊ शकतो, त्यापुढं कोणताही एसएमपीएस टिकत नाही. साधा ६०० व्हीएचा यूपीएस घेतलास तर साधारण ३६० वॅट झेपतात, तुझ्या दोनशेला पुरतो. तो खेळायला नाही, नीट बंद करायला. जूनमध्ये विजा कडाडायला लागल्या की प्लगसोबत डिशची आणि इंटरनेटची वायरही ओढून ठेव.

तिसरं कुलर. मे महिन्यात पारा पंचेचाळीसवर गेला की आपण कॅबिनेटही कुलरच्या तोंडाशी ठेवतो, त्यालाही गार वाटावं म्हणून. कुलरची हवा ओली असते आणि बोअरचं पाणी क्षाराचं. मी उघडलेल्या एका कार्डाच्या पाठीवर टाके हिरवे-पांढरे पडले होते, बोटानं खरवडलं तर मीठासारखं निघालं. कुलर खोली गार करू दे, डब्बा झोतापासून बाजूला ठेव. अठ्ठावीस अंशांच्या खोलीत सत्तरवर चालणारं कार्ड चव्वेचाळीसच्या खोलीत पंच्याऐंशीच्या पुढं जाणार, हा साधा हिशोब आहे. नवतपात दुपारी खेळूच नको. खेळायचंच असेल तर आफ्टरबर्नर नावाच्या मोफत सॉफ्टवेअरमध्ये पॉवर लिमिट ऐंशी टक्क्यांवर आण आणि गेममध्ये सेकंदाला साठ फ्रेमची मर्यादा लाव. मॉनिटर साठचाच आहे, वरच्या फ्रेम तुला दिसतच नाहीत, नुसती उष्णता वाढते.

आणि कापूस. भाव येईपर्यंत ज्या खोलीत कापूस भरून ठेवता त्याच खोलीत कॉम्प्युटर असेल तर जागा बदल. साध्या धुळीपेक्षा कापसाचा तंतू वाईट. तो पंख्यामागच्या ॲल्युमिनियमच्या पट्ट्यांत गोधडीसारखा बसतो. एका कार्डातून मी चिमट्यानं अख्खा नमदा उपसून काढला आहे, त्याची वात वळता आली असती. दिवाळीनंतर आणि होळीला, वर्षातून दोनदा, ब्रशनं साफ कर. ब्लोअर मारताना पंखा बोटानं धरून ठेव, नाहीतर तो उलटा गरगर फिरून बिघडतो. कॅबिनेटमागच्या रिकाम्या फटी उघड्या ठेवू नको, कुंभारीण माशी मातीचं घर करते आणि पाल आत शिरते.

मॉनिटरचं राहिलं. नव्या कार्डाला व्हीजीए नसणार, तुझा मॉनिटर व्हीजीएचा. एचडीएमआयमधून (टी१००० घेतलं तर मिनी डिस्प्लेपोर्टमधून) व्हीजीए काढणारा कन्व्हर्टर लागेल. आत चिप असलेला घे, नुसती वायर चालत नाही. आणि कार्ड बसवल्यावर मॉनिटरची वायर कार्डाला जोड. मदरबोर्डच्या पिनेला राहिली की ‘नो सिग्नल’ दिसतो, आणि पोट्टे चांगलं कार्ड परत करायला धावतात. बसवण्याआधी डेलचा बायोस नवा करून घे, आणि हार्डडिस्कच्या पिंजऱ्यापर्यंत किती जागा आहे ते फूटपट्टीनं मोज. एका पंख्याचं आखूड कार्ड या डब्ब्यात सुखानं बसतं.

दहा हजारांचं मी असं करीन: साडेसहा ते सात हजारात तपासलेलं १६५० किंवा टी१०००, पाचशेच्या आत कन्व्हर्टर, आणि उरलेल्यातून आधी रॅमची दुसरी काडी. तुझी आठ जीबी एकाच काडीत असेल तर जुनी चार किंवा आठची डीडीआर३ जोड, दोन काड्यांनी जीटीएमधले झटके बरेच कमी होतात. व्हॅलोरंटसाठी विंडोज १० वरच राहा. विंडोज ११ वर तो गेम टीपीएम २.० ही सुरक्षेची चिप मागतो, तुझ्या मशीनमध्ये ते नाही. विंडोज १० चे नेहमीचे अपडेट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपले आहेत, त्यामुळं या मशीनवर बँकेचं काम करू नको, त्याला मोबाइल आहे.

नागपूरला निघण्याआधी झाकण उघडून एसएमपीएसच्या स्टिकरचा आणि स्लॉटच्या आजूबाजूच्या जागेचा फोटो मोबाइलमध्ये घेऊन ठेव. सोबत चौकडीचा स्क्रू ड्रायव्हर, पेनड्राइव्ह आणि परतीच्या एसटीची वेळ.